टोळी निघायच्या आत कोणते कागद काढून ठेवावेत?

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. गाव बीड जिल्ह्यात. धाकटी बहीण तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. दहावीला ८४ टक्के होते. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. आमची जात हिंदू मांग. आई-वडील दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर जातात, ते चैत्रातच परत येतात. बहिणीचा जन्मही तिकडचाच. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जातवैधता प्रमाणपत्र) नाही. वडील चौथी शिकलेत, आजोबा शाळेत गेलेच नाहीत. गावात एक जण म्हणतो, कास्टला एक रुपया लागत नाही. दुसरा म्हणतो, दीड लाख तयार ठेवा. तालुक्यातला एजंट व्हॅलिडिटीचे पंधरा हजार मागतोय. माझ्याकडून वर्षभरात चाळीसेक हजार जमतील. वडील म्हणतात, पोरीला एकटी ठेवायची कुठं, यंदा सोबत नेऊ. काय करू? – एक भाऊ

उत्तर :

दादा, एजंटाला पंधरा हजार देऊ नका आणि दीड लाखासाठी कुणाकडून उचलही घेऊ नका. तुमचे चाळीस हजार नीट वापरले तर पहिलं सत्र निघेल. मात्र गावातला पहिला माणूस सांगतो तसं ‘एक रुपया लागत नाही’ हेही खरं नाही. फी लागत नाही, पैसे लागतात. त्याचा हिशेब पुढं मांडलाय.

आधी कागदांचं बघू, कारण तुमच्याकडं वेळ कमी आहे तो तिथंच. तुमचं पत्र श्रावणात आलं. दसऱ्यानंतर वडील सहीला मिळणार नाहीत आणि व्हॅलिडिटीच्या प्रकरणात वडिलांशिवाय पान हलत नाही. त्यामुळं पहिलं काम हेच.

जातवैधतेचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याची प्रत कागदांसह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडं द्यायची असते. ज्या जिल्ह्यात जातीचा दाखला काढलाय तिथलीच समिती, म्हणजे तुमच्या बाबतीत बीडची. बारावी सायन्सच्या मुलांना हा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. त्यासाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं. कॉलेजच्या ऑफिसात त्याला ‘पंधरा-ए’ म्हणतात. बहिणीनं ऑफिसात जाऊन एवढंच म्हणायचं, ‘व्हॅलिडिटीसाठी पंधरा-ए पाहिजे.’ क्लार्कला लगेच कळतं. पुष्कळ कॉलेजांत हे अर्ज दिवाळीनंतर गोळा करतात. तुम्ही तोवर थांबू नका.

वडिलांची प्रतिज्ञापत्रं दोन. एक वंशावळीचं, दुसरं जातीचा दावा आणि जोडलेले कागद खरे असल्याचं. वंशावळ लिहिताना घाई करू नका. पणजोबांपासून खाली सगळे भाऊ, त्यांची मुलं, तुम्ही दोघं, असं झाड काढा. ज्या नातेवाइकाचा कागद जोडणार आहात त्याचं नाव त्या झाडात असलंच पाहिजे. चुलत्याच्या मुलाची व्हॅलिडिटी जोडलेली असते आणि वंशावळीत चुलत्याचं नावच नसतं, अशी प्रकरणं त्रुटी काढून परत येतात. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टँप लागतो असं कुणी सांगेल. शैक्षणिक कामासाठीच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर होतं. वडिलांची दोन्ही प्रतिज्ञापत्रं दोन-दोन प्रतींत करून ठेवा. फेब्रुवारीत एखादी प्रत पुन्हा मागितली आणि वडील निपाणीच्या पुढं कुठल्या फडात असले, तर ती दुसरी प्रत कामाला येते.

आता जुने पुरावे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक, म्हणजे पुराव्यासाठी धरायची तारीख, आहे १० ऑगस्ट १९५०. त्याआधीची जातीची नोंद सापडली तर प्रकरण लवकर सुटतं. आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून हात टेकू नका. तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, भावकीत. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाला व्हॅलिडिटी मिळालीय का ते विचारा. चुलत चुलता, चुलत आत्या, त्यांची मुलं, जो भेटेल तो. ग्रामपंचायतीला राखीव जागेवर उभं राहिलेला, पोलिसात किंवा एसटीत लागलेला माणूस भावकीत असेल तर त्याच्याकडं ती बहुतेक असतेच. ही एक प्रत बाकी दहा कागदांपेक्षा जड. आईच्या बाजूची व्हॅलिडिटी मात्र चालत नाही. मामाची घेऊन जाणारे पुष्कळ असतात, ते हेलपाटाच घालतात.

दुसरं, गावची जिल्हा परिषद शाळा. वडील चौथी शिकलेत, म्हणजे त्यांचं नाव प्रवेश-निर्गम रजिस्टरात आहे. शाळा सोडल्याचा दाखला वेगळा आणि या रजिस्टरचा उतारा वेगळा. समितीला उताराच हवा असतो, कारण दाखला नंतर लिहिलेला असतो आणि रजिस्टर त्या वर्षीचं असतं. मुख्याध्यापकांकडं अर्ज द्या, रजिस्टरचा क्रमांक, नोंदीचा क्रमांक आणि जातीचा रकाना स्पष्ट दिसेल अशी साक्षांकित प्रत मागा. त्याच रजिस्टरात आजोबांचे भाऊ किंवा चुलत भाऊ सापडतात का, तेही तिथं बसून बघा. आजोबा गेले नसतील, त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षं का होईना गेलेला असतो.

तिसरं, तहसीलचा अभिलेख कक्ष. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावाचं नाव, पणजोबांचं नाव आणि अंदाजे वर्षं लिहून नकलेचा अर्ज करायचा. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत निघू शकतात. तशी निघाली तर नकलेबरोबर जाणकाराकडून केलेलं भाषांतर जोडायचं. नकलेला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका आणि मग बाकीच्या मागे लागा.

एका कागदावर ‘मांग’, दुसऱ्यावर ‘मातंग’, तिसऱ्यावर नुसतं ‘हिंदू’ असं निघेल. मांग आणि मातंग अनुसूचित जातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत, त्याची काळजी नको. नुसतं ‘हिंदू’ लिहिलेला कागद पुरावा म्हणून कच्चा, तो फार तर नातं दाखवायला वापरा. १९५० पूर्वीचं काहीच मिळालं नाही तरी अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. समिती दक्षता पथकाकडून घरी आणि शाळेत चौकशी करून घेते. वेळ जातो, एवढंच. म्हणून तर अर्ज सप्टेंबरात जायला हवा. सुनावणीचे निरोप अर्जातल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतात. तिथं वडिलांचा नंबर देऊ नका, फडात रेंजही नसते आणि मोबाइल चार्जही नसतो. तुमचा नंबर द्या.

एजंटाबद्दल एकच सांगतो. तो जे ‘करून देतो’ ते बऱ्याचदा हाच अर्ज असतो, आणि कधी कधी बनावट प्रमाणपत्र असतं. खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेला प्रवेश आणि पुढं मिळालेली पदवीसुद्धा २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम २३ खाली रद्द होते, शिवाय सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. सरकारी शुल्क किरकोळ असतं आणि अर्ज भरतानाच ऑनलाइन भरायचं असतं.

‘व्हॅलिडिटीला दरवर्षी मुदतवाढ मिळते’ असं ऐकाल. मिळते कधी कधी, पण नेमकी कुठल्या प्रवर्गाला आणि किती, हे त्या वर्षी ठरतं. मुदत संपली आणि प्रमाणपत्र हातात नसलं, तर मुलीची जागा खुल्या प्रवर्गात धरतात आणि फीही खुल्याची लागते. दीड लाखवाला बोलला ते बहुधा अशाच कुणाची गत बघून.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, ते महत्त्वाचं आहे. बहिणीचा जन्म कर्नाटकातला. राज्याच्या कोट्यातून प्रवेशासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि त्याबरोबर एकतर जन्म महाराष्ट्रातला असावा लागतो किंवा अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल. वर्गातल्या बाकीच्या मुलींचं शाळेच्या दाखल्यावर भागतं, कारण त्यावर जन्मस्थान महाराष्ट्रातलं असतं. हिच्या दाखल्यावर बेळगाव जिल्हा असेल तर भागणार नाही. ऊसतोडीच्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे आणि ते जूनमध्ये, प्रवेशाचे कागद तपासणाऱ्या सुविधा केंद्राच्या खिडकीवर, पहिल्यांदा कळतं. डोमिसाईल आत्ताच काढा. ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व’ असं एकत्र प्रमाणपत्र मिळतं, तेच घ्या. दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेवा केंद्रावर पावती मागून घ्या, तिच्यावर काम पूर्ण होण्याची तारीख असते.

उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ता काढू नका. तो ३१ मार्चला संपतो. प्रवेश आणि शिष्यवृत्तीला नवीन आर्थिक वर्षातला लागतो, म्हणजे आई-वडील चैत्रात आले की पहिल्या आठवड्यात तहसीलदारांचा दाखला काढायचा. नॉन क्रीमी लेअर तुम्हाला लागतच नाही. ते ओबीसी, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला. सेवा केंद्रावरचा मुलगा ‘सगळंच काढून ठेवा’ म्हणेल, त्यात पैसे घालू नका.

आणि आधार. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच आधारवर हवं. आधारला मोबाइल नंबर बहिणीचा स्वतःचा जोडा, कारण पुढची चार वर्षं प्रत्येक फॉर्मला ओटीपी त्याच नंबरवर येणार. बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं, पूर्ण केवायसी केलेलं. कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘स्मॉल’ खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जात नाही. इंजिनिअरिंगच्या फीची रक्कम तिथं अडकते. शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं असेल तर बँकेत विचारा, आधार कुठल्या खात्याला जोडलंय? सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. ते शेवटचं खातं एखाद्या पतपेढीच्या मेळाव्यात उघडलेलं निघतं.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्त आहे. सोळा-सतरा वर्षांची पोर गावात सहा महिने एकटी ठेवायची म्हणजे त्यांना घोर लागणारच, त्यांच्याशी वाद घालू नका, सोय दाखवा. फडावर नेलं तर बारावी गेली हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा. फिजिक्स, केमिस्ट्रीला तीस-तीस गुण प्रात्यक्षिकांचे असतात, ते घरी बसून मिळत नाहीत. वर हजेरी ७५ टक्के लागते.

सोय अशी. तालुक्याला किंवा जवळच्या मोठ्या गावाला समाजकल्याण खात्याचं मागासवर्गीय मुलींचं शासकीय वसतिगृह असतं. राहणं-जेवण फुकट. प्रवेशाची मुदत संपली असली तरी रिकाम्या जागा भरायची विनंती करता येते, म्हणून तुम्ही स्वतः एक दिवस रजा टाकून गृहपालांना भेटा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. त्यासाठी ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र विचारतील. ते ग्रामसेवकाकडं मिळतं, वडील गावात आहेत तोवर घ्या. दोन्हीकडं जागा नसेल तर मावशी, आत्या, कॉलेजातल्या मैत्रिणीचं घर, जे असेल ते दसऱ्याच्या आत पक्कं करा, आणि धान्य-किराण्याचे पैसे त्या घरी दर महिन्याला तुम्ही पाठवा. वडिलांना मुलगी कुठं झोपणार, कुणाबरोबर जाणार-येणार एवढं कळलं की बहुतेक वेळा नकार सैल होतो.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा म्हणजे एमएचटी-सीईटी. तिच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, एका गुणाचे, दोन्ही मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यालाही ९० मिनिटं. एकूण २०० गुण आणि त्यातले निम्मे एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. क्लास नसला तर बिघडत नाही. बालभारतीची पुस्तकं तोंडपाठ असणं आणि वेळ लावून सराव करणं, हे दोन्ही हवं. परीक्षा संगणकावर असते. ज्या मुलीनं माऊस हातात धरलेला नाही तिची पहिली पंधरा मिनिटं तिथंच जातात. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर संपले की कुठल्याही सायबर कॅफेत बसून पाच-सहा सराव परीक्षा द्यायला लावा. शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. केमिस्ट्री आधी, फिजिक्स मागून, हा क्रम बऱ्याच जणांना जमतो. आणि सीईटीच्या नादात बोर्डाकडं दुर्लक्ष नको. राखीव प्रवर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून किमान ४० टक्के लागतात.

निकालानंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. इथं एक गोष्ट घट्ट धरून ठेवा : शिष्यवृत्ती कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागते. मॅनेजमेंट कोटा, ‘इन्स्टिट्यूट लेव्हल’ म्हणून कॉलेज स्वतः भरतं त्या जागा यांना ती नाही. जूनमध्ये गावोगाव फिरणारे लोक ‘आमच्या युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप करून देतो, आत्ता फक्त दहा हजार भरा’ म्हणतात. त्यांच्याकडं मूळ दाखले देऊन बसलेली मुलं नंतर कॅपलाही मुकतात. मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, कुणाकडंही ठेवायचे नसतात.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते. ती उघडली की जीएससीएच, एलएससीओ अशी अक्षरं दिसतील आणि डोकं फिरेल. फोड सोपी आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं एससी म्हणजे अनुसूचित जाती. शेवटचं एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यभर. तुमच्या बहिणीला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या हद्दीतलं, म्हणजे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इथलं कॉलेज बघायचं असेल तर एचचा रकाना, पुण्याचं बघायचं असेल तर ओचा. एलबरोबर जीचा रकानाही बघायचा, मुलीला दोन्ही जागा मिळू शकतात. कोडच्या शेवटी टी असलेली जागा म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. ती सगळ्यांसाठी एकाच गुणवत्ता यादीवर असते आणि कटऑफ वर जातो. तुम्हाला शिष्यवृत्ती असताना तिच्यामागं लागायचं कारण नाही.

पसंतीक्रम भरताना ‘मिळेल का’ हा विचार बाजूला ठेवा. जिथं जायची सगळ्यात जास्त इच्छा ते पहिलं, मग दुसरं, असंच उतरत जायचं. खालची जागा वर लिहिली म्हणून लवकर मिळत नाही, उलट वरची हातची जाते. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. शासकीय आणि अनुदानित आधी लिहा. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी, लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, मार्क तसे असतील तर पुण्याचं सीओईपी. कॉम्प्युटरच पाहिजे म्हणून कुठल्याही माळरानावरच्या कॉलेजात जाण्यापेक्षा चांगल्या शासकीय कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल बरं, असं आमचं मत. नोकरीला बोलावणाऱ्या कंपन्या तिथं शाखा फारशा बघत नाहीत. पण शिकायचं तिला आहे, शेवटचा शब्द तिचा. जागा मिळाली की एक हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरावं लागतं. ते तिच्याच खात्यातून भरा.

आता पैसे.

उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि परत न मिळणारे सक्तीचे शुल्क बसतात. शिवाय इंजिनिअरिंगला निर्वाहभत्ता वर्षाला वसतिगृहात राहणारीला १३,५००, घरून जाणारीला ७,००० रुपये. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर भत्ता नाही, पण शिक्षण आणि परीक्षा शुल्क फ्रीशिपमधून मिळतं. अनामत, बस, मेस, ‘ट्रेनिंग’, ‘युनिफॉर्म’ ही नावं शिष्यवृत्तीत बसत नाहीत. तुमचे पैसे लागतात ते इथं. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं. ती छापून बरोबर न्या. शिष्यवृत्तीला पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घ्यायचं नसतं. खिडकीवर मागितलंच तर भांडू नका, ‘मागणी लेखी द्या, पावती द्या’ म्हणा. तिथं आवाज खाली येतो. नाही आला तर सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडं तक्रार.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. प्रवेश झाल्याच्या आठवड्यातच भरा. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडं, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग समाजकल्याणला जातो. सगळ्यात जास्त दिवस पहिल्या टेबलावर जातात. कॅपचा अर्ज क्रमांक चुकला, फीच्या रकान्यातला आकडा मंजूर फीशी जुळला नाही, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा लागला, या तीन कारणांनी अर्ज परत येतो. परत आल्याचा निरोप कधी येतो, कधी येत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायचं.

पुढची गोष्ट बहिणीला आणि आई-वडिलांनाही समजावून सांगा. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट मुलीच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. एक दिवस खात्यात एकदम पन्नास-साठ हजार दिसतात. त्याच सुमाराला मुकादम मागची उचल मागत असतो, घरात कुणाचं दुखणं-खुपणं असतं, आणि पैसे जातात. मग कॉलेज निकाल अडवून धरतं आणि फीसाठी कर्ज काढायची पाळी येते. रक्कम आली की आठवड्याभरात फीचा भाग कॉलेजला भरायचा, पावती जपायची, भत्त्याचा भाग तेवढा आपला.

राहण्यासाठी पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाचा, कॉलेज लागलं त्याच आठवड्यात. तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजना. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथं वर्षाला ६० हजार. इतर महापालिकांच्या शहरात, म्हणजे संभाजीनगर किंवा नांदेडला, ५१ हजार : भोजन २८ हजार, निवास १५ हजार, निर्वाह ८ हजार. जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. इंजिनिअरिंगला साहित्यासाठी वर पाच हजार. वसतिगृहाचा अर्ज केला होता आणि जागा मिळाली नाही, हा स्वाधारचा पाया आहे, म्हणून वसतिगृहाला अर्ज न करता थेट खोली बघणाऱ्यांची पंचाईत होते. शिष्यवृत्तीतला निर्वाहभत्ता यातून वळता करतात, दोन्ही पूर्ण मिळतील असं धरू नका. खोलीच्या मालकाकडून भाडेकरार आणि कॉलेजची हजेरी लागते. आणि पैसे हप्त्यानं, उशिरा येतात. पहिले चार महिने स्वाधार शून्य धरा.

म्हणून तुमच्या चाळीस हजारांचा अंदाज असा. सीईटी, कॅप, कागद, नकला, येण्या-जाण्याचं भाडं मिळून चार-पाच हजार. प्रवेशाच्या वेळी अनामत आणि शिष्यवृत्तीत न बसणारी वरकड पाच ते आठ हजार. खोलीत चौघींबरोबर राहून मेससकट महिन्याला साडेपाच-सहा हजार, चार महिन्यांचे बावीस ते चोवीस हजार. जुनी पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन दोन-अडीच हजार. म्हणजे होतात बरोबर, हातात फार काही उरत नाही. वसतिगृह मिळालं तर पंधरा-वीस हजार वाचतात. लॅपटॉप पहिल्या सत्रात घेऊ नका. कॉलेजच्या लॅबवर भागतं, आणि स्वाधारचा हप्ता आला की मग जुना चांगला बघा.

वर्गातल्या तिच्या मैत्रिणींसाठी एक ओळ, कारण त्या विचारतीलच. ओबीसी, मराठा म्हणजे एसईबीसी, आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, तेही कॅपमधूनच प्रवेश घेतला तर. त्यांच्यासाठी स्वाधारसारखी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ती ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांना लागू.

पोळ्याला गावाकडं जाणार असाल तर एक दिवस जास्त राहा. सकाळी शाळेत रजिस्टरच्या उताऱ्याचा अर्ज, दुपारी तहसीलला गाव नमुना १४ च्या नकलेचा अर्ज आणि डोमिसाईल, संध्याकाळी भावकीत फिरून व्हॅलिडिटी कुणाकडं आहे त्याची चौकशी. वंशावळ वडिलांसमोर बसूनच लिहा. पणजोबांच्या भावांची नावं त्यांनाच माहीत असतात.